कौसाबाई काय म्हणाल्या

फाल्गुन संपत आला की आमच्या परभणीच्या घरासमोरचा कडुनिंब सगळी पानं टाकून मोकळा होतो. आठ-दहा दिवसांत त्याला तांबूस पालवी फुटते, आणि ती नीट हिरवी व्हायच्या आत झाड मोहरतं. सकाळी दार उघडलं की पायरीवर बारीक पांढरी फुलं पडलेली असतात, कुणाच्या हातून राळे सांडावेत तशी. सून ती झाडून काढते. मी म्हणतो, राहू दे थोडी. ती म्हणते, "बाबा, पायाला चिकटून आत येतात." येतात खरी. पन्नास वर्षं ती माझ्या पायाला चिकटून आत येत आहेत.

त्या वासाचं वर्णन मला कधी जमलं नाही. थोडा मधाचा, थोडा औषधाच्या बाटलीचा. ऊन चढलं की तो वास जमिनीलगत बसतो आणि सावलीत बसलेल्या माणसाच्या कपड्यांना लागतो. मी ज्या सभेविषयी लिहिणार आहे ती याच वासात भरली होती. मारुतीच्या पारावर, कडुनिंबाखाली, सकाळच्या वेळी. माझ्या सदऱ्यावर फुलं पडत होती आणि मी बोट लावून एकेक उडवत होतो. बोलताना हातांना काहीतरी काम लागतं, विशेषतः खोटं बोलताना.

तो बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा. बोरीच्या पुढे, बैलगाडीच्या वाटेवरच्या एका गावात मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा गावाकडे बोट दाखवून मोकळा होईल, आणि मला बोट दुसरीकडे दाखवायचं आहे.

किती सुंदर होता तो उन्हाळा! हे लिहायला संकोच वाटतो, पण खरं आहे. दोन वर्षं लाल मिलो खाऊन लोकांच्या जिभा खरबरीत झाल्या होत्या. अमेरिकेहून आलेली ती जवारी भाकरीत चिरायची, घशात अडकायची. त्या साली रब्बीची आपली जवारी घरात आली होती. खळ्याखळ्यांवर कडब्याच्या गंजी लागल्या होत्या. मी सरपंच बापूरावांच्या माडीवरच्या खोलीत राहायचो आणि जेवण त्यांच्याच घरी. नव्या जवारीच्या पहिल्या दिवशी काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ताटात भाकरी वाढली आणि दोन्ही हातांनी ती पुन्हा उचलून उजेडाकडे धरली. "बगा गुरुजी, कशी चांदावानी हाय. हिला आता कुणी लाल म्हणून दाखवा." बापूराव हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथं होतो, म्हणून सांगतो. बापूराव वाईट माणूस नव्हते. दुष्काळात त्यांनी आपली कडब्याची गंज गावाच्या जनावरांना खुली केली होती.

धान्य आलं तरी पाणी आलं नव्हतं. विहिरी चैत्रातच खाली गेल्या. गावातल्या बायका गावच्या बारवेतलं हातभर गढूळ पाणी भरायच्या. ओढ्याच्या पलीकडे बौद्धांची वस्ती होती. तिथल्या बायका ओढ्याच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीने घागर भरायच्या. एका घागरीला अर्धी सकाळ जायची.

अशात तो आला. दुष्काळी भागात पाण्याचं काम करणाऱ्या कुठल्याशा परदेशी मंडळीतर्फे, बोरीपर्यंत एसटीने आणि पुढे टपावर टाकून आणलेल्या सायकलने. नाव वॉल्टर. वय माझ्याएवढंच, चोवीस-पंचवीस. कडब्यासारखे केस. ठेचा खाताना डोळ्यांतून धारा लागायच्या आणि तो भाकरी पुढे करून म्हणायचा, "अजून." त्याचं नाव गावाने पहिल्याच दिवशी सोपं केलं. बापूराव म्हणाले, "पाणी द्यायला आलाय अन् नावबी वाटर. देवानंच धाडलाय." झाला तो वाटरसाहेब.

बोअर मारायची गाडी गावात एकदाच येणार होती. एकच बोअर, एकच हापसा. पाणी बघणाऱ्याने दोन जागा काढल्या होत्या. एक गावाच्या मधोमध, मारुतीपुढे. दुसरी शाळेपाशी, ओढ्याच्या अल्याडच्या काठावर, जिथं गावातून आणि वस्तीतून सारखंच चालावं लागे. दोन्हीकडे पाणी लागेल असं त्याचं मत होतं. कुठं बसवायचा, हे वॉल्टर ठरवणार नव्हता. ते सगळ्यांनी एकत्र बसून ठरवायचं, ही त्याची अट होती. आणि तो आणि बाकी सगळे यांच्यामध्ये इंग्रजी येणारा मी एकटा.

माझी मान तेव्हा ताठ असायची. औरंगाबादला बीए केलेला मुलगा अमेरिकन माणसाशी बोलतो आणि तो मान हलवतो, हे बघायला लोक कामं टाकून थांबायचे. म्हातारे म्हणायचे, "गुरुजी, जरा अजून बोला की त्याच्याशी." काय बोलू, विचारलं तर म्हणायचे, "काय बी."

संध्याकाळी खळ्यावर बाज टाकून वॉल्टर आपल्या गावाविषयी सांगायचा. अमेरिकेच्या उत्तरेला कुठंतरी, वर्षातले पाच महिने बर्फात असलेलं छोटं गाव. बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला की मार्च महिन्यात एक दिवस सगळं गाव लाकडी सभागृहात जमतं. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून शेतकरी येतात, मास्तरीण येते, पोस्टातला माणूस येतो. बायका घरून फळं घालून भाजलेले पदार्थ आणतात. सभा चालवणाऱ्याच्या हातात लाकडी हातोडी असते. रस्त्यावरचा बर्फ कुणी काढायचा, शाळेचं छप्पर या वर्षी की पुढच्या, असल्या गोष्टी तिथं दिवसभर चालतात. कुणीही उभं राहावं आणि बोलावं. जो बोलला त्याचं नाव आणि बोलणं गावचा कारकून वहीत लिहितो, आणि वर्षाच्या शेवटी ती वही छापून घरोघर जाते. त्यांच्या गावात नदीवरचा एक पूल वरच्या अंगाला बांधायचा की खालच्या, यावर तीन वर्षं भांडण चाललं होतं. दोन सख्खे भाऊ त्यावरून बोलेनासे झाले होते. हे सांगताना तो असा खुलायचा की जणू लग्नाची गोष्ट सांगतोय.

त्यांच्या राजधानीत त्या वेळी मोठा गोंधळ चालू होता. देशाचा सर्वांत मोठा माणूसच खोटं बोलला, असं रोज ऐकू यायचं. वॉल्टरच्या वडिलांनी त्याला पत्रात लिहिलं होतं, वर काय चाललंय ते बघू नकोस, आपलं सभागृह शाबूत आहे. वॉल्टरचा त्यावर पूर्ण विश्वास होता. देश म्हणजे राजधानी नाही, अशा हजार सभागृहांत बसून एकमेकांचं ऐकून घेणारे लोक म्हणजे देश. मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा बापूराव कडब्याची काडी दातांत फिरवत म्हणाले, "खरं हाय. आमच्यात बी तसंच हाय की. फकत कुणी बोलायचं अन् कुणी ऐकायचं ते आधीच ठरलेलं हाय, म्हून हातोडी लागत न्हाई." सगळे हसले. वॉल्टरने विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, आमच्याकडेही तसंच आहे म्हणतात. अर्धं वाक्य खरं होतं.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली होती, ती टाळून चालणार नाही. त्याची आजी दुसऱ्या देशातून आलेली. तिला इंग्रजी येत नसे. तीस हिवाळे ती त्या सभेत विणकाम घेऊन बसली. शेजारचा एक माणूस तिच्या कानाशी लागून सगळं सांगायचा, आणि तिला बोलायचं असलं की तिच्या वतीने उभा राहायचा. त्या शेजाऱ्याचं नाव त्यांच्या घरात अजून सणाच्या जेवणाला घेतात. एवढं सांगून वॉल्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "इथं माझा तो शेजारी तू आहेस."

वॉल्टरचा एक आवडता शब्द होता, कम्युनिटी. दर दोन वाक्यांमागे यायचा. माझ्या शब्दकोशात त्याचा अर्थ दिलेला होता, समाज. पहिल्या दिवशी पारावर मी तोच वापरला. "साहेब म्हणतात, हापसा कुठं पाहिजे हे समाजानं ठरवावं."

बापूरावांनी विचारलं, "कोण्या समाजानं?"

पारावर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "तेल्याच्या समाजाला विचारा, त्यांचं एकच घर हाय, लवकर ठरंल." मीही हसलो. आमच्याकडे समाज म्हणजे जात. तुमचा समाज कुठला, असं विचारलं की माणूस जात सांगतो. ज्या शब्दाने तो सगळ्यांना एका ठिकाणी बसवू बघत होता, तोच शब्द आमच्या भाषेत येताच माणसं आपापल्या आळीत जाऊन बसत होती. ते का हसले, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, आनंद झाला त्यांना.

मग मी शब्द बदलला. समाज काढून गाव घातला. "गावानं ठरवावं." यावर कुणी हसलं नाही. कोणतं गाव, असंही कुणी विचारलं नाही. गाव वेशीशी संपतं आणि ओढ्यापलीकडे असते ती वस्ती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. दवंडीवाल्याने गावभर दवंडी दिली, 'गावची मीटिंग हाय होऽ', आणि तो ओढ्याशी येऊन मागे फिरला. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. शब्दानेच सांगितलं होतं.

सभेच्या सकाळी वॉल्टरने माणसं मोजली. आणि ओढ्यापलीकडची घरं? मी म्हणालो, त्यांना कामं असतील. तो उठला, ओढा ओलांडून गेला आणि आपल्या तीन वाक्यांच्या मराठीत काय बोलला कोण जाणे, पाच-सहा जणांना घेऊन परत आला. ती मंडळी पाराखाली, सावली संपते तिथं बसली. त्यांत कौसाबाई होत्या.

कौसाबाई तिशीच्या आत-बाहेर असतील. माझ्याहून मोठ्या. तेव्हा मी त्यांना 'ए कौसाबाई' म्हणायचो. इथं अहो-जाहो लिहितो आहे, हे शहाणपण उशिराचं आहे. दुष्काळी कामावर खडीच्या पाट्या मोजायचं काम त्यांच्याकडे असे. लिहिता येत नव्हतं, पण बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत त्या दिवसभराच्या पाट्या बिनचूक सांगायच्या. मुकादमाचा कागद चुकायचा, कौसाबाईंची पेरं चुकत नसत.

बापूरावांनी मारुतीपुढची जागा सुचवली. चार माणसांनी माना हलवल्या. वॉल्टर म्हणाला, अजून कुणाला काही बोलायचंय? मी विचारलं. कौसाबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. त्या काय बोलल्या ते मला शब्दाला शब्द आठवतं, कारण गेली पन्नास वर्षं मी दुसरं काही पाठ केलेलं नाही.

"गुरुजी, साहेबाला सांगा. दुष्काळात आमी खडी फोडायला एका रांगेत बसलो. पाटलाच्या घरच्या बायाबी माझ्या बाजूला बसल्या. हातोड्याला जात न्हवती. पाणी प्यायचा वखत आला की तेवढी रांग मोडायची. आता हापसा मारुतीम्होरं बसवला तर तुमी म्हणसाल, सगळ्यांचा हाय. म्हणसाल. पर आमी घागर घेऊन आलो की दांड्याला हात लावू देणार न्हाईत. आमी घागर खाली धरायची अन् वरून कुणीतरी हापसून घालायचं. मला वाढलेलं पाणी नको. माझ्या हातानं हापसू द्या. शाळंपाशी बसवा, तितं तुमच्या बी येतील अन् आमच्या बी. माझं एवढंच हाय. अन् साहेबाला एक इचारा. तुमच्या गावात मीटिंग भरती म्हणतेत. तितं उठून बोलल्यावर म्होरं काय होतंय?"

फुलं पडत होती. बापूराव माझ्याकडे बघत होते, रागाने नाही, घरच्या माणसाकडे बघावं तसं. दोन वर्षं त्या घरचं अन्न माझ्या पोटात होतं. शाळेच्या कमिटीचे ते अध्यक्ष होते आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. ही कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितली, आणि ती खरीही आहेत. पण त्या क्षणी मनात वेगळंच आलं होतं. हा मुलगा इथून जाईल आणि आमच्या गावाविषयी काय सांगेल? परक्यापुढे गावाची इज्जत जाईल. मला त्या गावाचा इतका लोभ होता की त्याचा खरा चेहरा पाहुण्याला दाखवायची लाज वाटली.

वॉल्टर वहीवर पेन टेकवून वाट बघत होता. काय म्हणतात त्या?

मी म्हणालो, "शी अ‍ॅग्रीज विथ द व्हिलेज." गाव म्हणेल ते तिला मान्य आहे.

कौसाबाई उभ्याच होत्या. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर हलला. मला वाटलं, सवय आहे. मग त्या खाली बसल्या.

आठवड्यात गाडी आली. पाण्याचा पहिला लोट वर आला तेव्हा सगळं गाव ओरडलं. पांढरं, गार, गोड पाणी. मारुतीपुढे हापसा बसला, त्याला हार घातला. पहिलं पाणी कुणी हापसायचं? बापूराव पुढे झाले. वॉल्टरने त्यांना हात करून थांबवलं आणि कौसाबाईंना बोलावलं. स्वतःची गैरसोय सोसून जी सगळ्यांच्या बाजूने उभी राहिली, तिचा मान पहिला, असं तो म्हणाला.

"साहेब काय म्हणायलाय?" कौसाबाईंनी मला विचारलं.

"पहिलं पाणी तू हापस म्हणतो."

"कामून?"

मी हापशावरचा हार सारखा करू लागलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हापशाकडे. पुढे आल्या, दांडा धरला आणि घागर काठोकाठ भरली. ती डोक्यावर घेतली नाही. कडुनिंबाच्या बुडाशी नेऊन सगळी ओतून दिली. रिकामी घागर कमरेवर घेऊन त्या ओढ्याकडे निघून गेल्या. वॉल्टरचा चेहरा उजळला. हा तुमचा दस्तूर आहे का? पहिलं पाणी झाडाला? मी म्हणालो, हो. त्याने ते वहीत लिहून घेतलं.

त्या दिवसानंतर हापशावर जे झालं ते कौसाबाईंनी सांगितल्याप्रमाणेच झालं. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन थांबायच्या आणि गावातल्या कुणाला सवड झाली की ती वरून पाणी घालायची. कौसाबाई कधी आल्या नाहीत. त्या झिऱ्यावरच जात राहिल्या. सकाळी शाळेच्या खिडकीतून मला ओढ्यात वाकलेली एक पाठ दिसायची. मी फळ्याकडे वळायचो.

काही वर्षांनी माझी परभणीला बदली झाली. तिथं वॉल्टरचं पत्र आलं, बोरीच्या पत्त्यावरून फिरत फिरत. मार्चमध्ये सभा झाली, त्याने लिहिलं होतं. पुलाचा प्रश्न पुन्हा निघाला आणि पुन्हा भांडण पेटलं. तेव्हा तो उठला आणि त्याने आपल्या वहीतून कौसाबाईंची हकिकत वाचून दाखवली. हिंदुस्थानातल्या एका खेड्यातली बाई, जिच्या घराजवळ हापसा बसू शकत होता, तिने सगळ्यांच्या भल्यासाठी तो दूर बसू दिला आणि पहिलं पाणी झाडाला घातलं. मग वरच्या अंगाचा एक म्हातारा उठला आणि म्हणाला, त्या बाईला जमतं तर आपल्याला का जमू नये? पूल खालच्या अंगाला बांधायचं ठरलं. ते दोघे भाऊ बोलू लागले. 'तुझ्या गावाने माझ्या गावाला पूल दिला,' असं त्याने शेवटी लिहिलं होतं. कौसाबाईंचं नाव त्यांच्या गावच्या वहीत छापलं गेलं होतं.

मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही. ते ट्रंकेत ठेवलं आणि ट्रंक माळ्यावर.

खोट्यावर उभा राहिलेला तो पूल माझ्या डोळ्यांपुढे पुष्कळदा येतो. त्यावरून दूधवाले जात असतील, शाळेची मुलं जात असतील. आपापल्या गावात बसून, एकमेकांचं ऐकून, सगळ्यांचं भलं ठरवावं ही वॉल्टरची श्रद्धा मला आजही खोटी वाटत नाही. मी अशा सभेची स्वप्नं बघतो. पण त्या श्रद्धेत एक जागा उघडी राहते, आणि तिथं एक माणूस बसलेला असतो, जो एकाचं दुसऱ्याला सांगतो. वॉल्टरच्या आजीला तो चांगला मिळाला. सगळ्यांचं ज्यात भलं असतं ते कुणाला तरी गप्प करून ठरलं, तर गप्प बसलेल्याच्या नावावर त्याग लिहिला जातो. लोक त्याला टाळ्याही वाजवतात.

आमच्या गावात पुढे काय झालं? सरकारी योजनेतून वस्तीत हापसा आला. मग आणखी एका आळीने मागितला, तिथंही आला. प्रत्येक समाजाचा आपापला. वस्तीत एक सभागृहही बांधलं गेलं आणि त्यावर पाटी लागली, समाजमंदिर. सगळ्यांनी बसायची म्हणून इमारत बांधली, तिच्यात एकाच बाजूची माणसं बसतात. माझा पहिला शब्दच शेवटी बरोबर ठरला. त्या पाटीपुढे उभं राहिलं की पारावरचा तो हशा ऐकू येतो.

या वर्षी कडुनिंब मोहरला तेव्हा मी नातवाला माळ्यावर चढवून ट्रंक खाली घेतली. पत्र वाचलं. तीन दिवस बसून त्या गावच्या कारकुनाच्या नावाने इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. वॉल्टर आहे की नाही, ठाऊक नाही. पण वही असेल. पूल पडू नये, असंही मी लिहिलं आहे. खरं सांगितल्याने पूल पडत नसतात, एवढी मला आशा आहे. फक्त वहीतली एक नोंद दुरुस्त करा.

पेटीत टाकायच्या आधी ती एका माणसाला वाचून दाखवणं भाग होतं. बोरीपर्यंत एसटीने आणि पुढे ऑटोने गेलो. ओढ्यावर आता पूल आहे, आमचाही. कौसाबाई ऐंशीच्या पलीकडे. समाजमंदिराच्या सावलीत बाजेवर बसल्या होत्या. नातसुनेने मला खुर्ची दिली.

"कोण हाय गं?"

"मी, कौसाबाई. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. बापूरावांच्या माडीवर राहायचो."

त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "पाच शबदाचे गुरुजी व्हय?"

"आज्जीचे पाच शबदाचे गुरुजी समद्यांना ठावं हाईत की," नातसून हसत म्हणाली. "आमाला वाटायचं गोष्ट हाय."

"तुम्हाला कळलं होतं?" मी विचारलं.

"इंग्रजी कुटं कळतंय मला. पर मोजाय येतं न्हवं? मी इतकं बोलले. समद्या बोटांची पेरं तीन-चारदा फिरून झाली असती. अन् तुमी एवढंसं बोलून गप्प. एक, दोन, तीन, चार, पाच. तवाच म्हणलं, हितं पाट्या कमी पडल्या. मोजलं म्हून तर झाडाच्या बुडात वतलं पाणी."

मी सांगितलं, सगळं. पत्राचं, पुलाचं, वहीचं. दोघा भावांचं ऐकून त्या म्हणाल्या, "चांगलं झालं की." मग म्हणाल्या, "पर माझ्या नावानं कामून? माझं बोलणं ते न्हवतं."

"तेच लिहिलंय. झाडाचंही लिहिलंय, तो दस्तूर नव्हता म्हणून."

"मग काय व्हता म्हून लिवलं?"

"राग होता."

"त्याला इंग्रजीत कितीक शबद?"

"एकच."

"हां. त्याला एक पुरतोय." त्यांना हसू आलं, आणि खोकला आला. नातसुनेने पाणी दिलं. तांब्या बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "आता माझं बोलणं वाचा. साहेबाच्या बोलीतच वाचा."

"तुम्हाला कळायचं नाही, कौसाबाई."

"तवा बी कुटं कळलं व्हतं. वाचा."

मी चष्मा लावला. उभा राहिलो, कारण त्या सकाळी त्याही उभ्या राहिल्या होत्या. खडीच्या रांगेपासून वाचायला सुरुवात केली. हातोडा, पाण्याचा वखत, मोडलेली रांग. म्होरं काय होतंय, या प्रश्नापर्यंत. कौसाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचा अंगठा करंगळीच्या बुडापासून निघाला आणि एकेक पेर चढत-उतरत राहिला. एक हात संपला, दुसरा सुरू झाला, मग पुन्हा पहिला. मी कुठं घाई केली की अंगठा थांबायचा, आणि मी ते वाक्य परत वाचायचो. वाचून झाल्यावर मी कागदाची घडी केली.

"संपलं?"

"संपलं."

त्यांनी डोळे उघडले. शेवटच्या पेरावर टेकलेल्या अंगठ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "माझं एवढंच व्हतं."